खिळ्यांच्या पुडीतला नकाशा

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी चष्मा आणि लांबू सकाळी सकाळी धाकटीच्या दारात हजर झाले. दोघं तिच्या दादाचे दोस्त. पाच महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त होऊन दादा गेला, तेव्हापासून त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती.

"धाकटे, तुला दहा पूर्ण झाली ना?" चष्मा म्हणाला. "दादानं सांगून ठेवलं होतं, दहाची झाली की हिला आपल्या खेळात घ्यायचं. काढ त्याचा खेळाचा खोका."

"पण मला काहीच येत नाही. मी हरले तर?"

"यात कोणी हरत नाही गं," लांबू म्हणाला. "एकानं गोष्ट सांगायची आणि मध्येच थांबून विचारायचं, मग, तू काय करतेस? तू सुचेल ते सांगायचं. जमतं की फसतं ते फासा ठरवतो. फसलं तर उलट जास्त मजा येते. पहिल्या दिवशी मी स्वतःच्याच घोड्यावरून तीनदा पडलो होतो."

धाकटीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिनं कपाटातून खोका काढला. आत फासे होते, पण कागद एकही नव्हता. दोन वर्षं खपून दादानं लिहिलेली अख्खी गोष्ट गायब!

आईला विचारायची सोय नव्हती. दादाचं नाव निघालं की ती उठून आत जायची. मामा भिंतीला फळी ठोकत होता, त्याला विचारलं. "मी कशाला हात लावू?" तो म्हणाला, पण त्यानं मान वर केली नाही.

चष्म्याचं लक्ष मात्र खिळ्यांच्या पुडीकडे होतं. पुडीच्या कागदावर डोंगर होता, ओढा होता आणि खाली ओळखीचं अक्षर: 'राक्षस झोपलाय. पावलं वाजवू नका.'

धाकटीनं पुडी उचलून मामासमोर धरली. "मामा, हे खिळे कुठून आणलेस?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून." मामानं कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, मला नुसत्या रेघोट्या वाटल्या. ताईला दिसलं की ती रडते, म्हणून जुन्या वह्यांबरोबर रद्दीत दिले."

तिघं धावत सुटली. हार्डवेअरवाले काका दादाच्याच एका पानात बिजागऱ्या बांधत होते. "कागद परत दिले तर मी पुड्या कशात बांधू?" ते म्हणाले.

"दुप्पट रद्दी आणून दिली तर?" धाकटीनं विचारलं.

काका हसले. "आणा की. तोवर याला हात लावत नाही." पोरं कुठली आणतायत, असं त्यांना वाटलं. पण अर्ध्या तासात लांबूनं घरची वर्तमानपत्रं आणली, चष्म्यानं शेजाऱ्यांची, आणि धाकटीनं तर मोठा गठ्ठा मामाच्याच डोक्यावर देऊन आणला. तराजूचं पारडं दाणकन खाली टेकलं. काकांनी मुकाट्यानं सगळे कागद दिले, बिजागऱ्यांचं पानही सोडून दिलं.

विकल्या गेलेल्या पुड्यांबरोबर काही पानं गेली ती गेलीच. उरलेली घरी आणून त्यांनी जमिनीवर लावली. तळाशी एक वेगळंच पान निघालं. 'धाकटीची नायिका. नाव तिलाच ठेवू दे. धाडस: वीसपैकी अठरा. भांडण: वीसपैकी वीस. अंधाराची भीती: आहे. पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ बसेन.'

धाकटी हमसून हमसून रडली. चष्मा गोष्ट वाचू लागला, पण दुसऱ्याच ओळीला त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"दे, मी वाचते." आई दारात उभी होती. ती उंबऱ्याशीच बसली. "शाब्बास रे पोरांनो. आम्ही मोठ्यांनी घालवलं ते तुम्ही परत आणलंत." मामा तिच्यामागे खाली मान घालून उभा होता.

आई हळूहळू वाचत गेली. पुलापलीकडे काळोखी गुहा होती, आतून कोणीतरी हाक मारत होतं. पुढचं पान नव्हतं. हाक कोणाची, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

"आता मी काय म्हणायचं असतं?" आईनं लांबूला विचारलं. त्यानं हळूच सांगितलं.

"मग," आई म्हणाली, "तू काय करतेस?"

धाकटीनं फासा मुठीत धरला. "मी आत जाते," ती म्हणाली. "पण आई, तू इकडे जवळ बस."

आई उठली आणि तिला खेटून बसली.