ती तार ठेव खाली

दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. वासिल हनाट्युक कांदा चिरत होता, त्याची बायको ओरीसिया बीटाचं सूप ढवळत होती, आणि पायाखालच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी बंद पडली. घरघर थांबली, एवढंच. पण कॅनडातल्या मॅनिटोबाच्या उणे अडतीस अंशांच्या थंडीत ती घरघर थांबली, की आधी कान टवकारतात आणि मग तळपाय गार पडतात.

वासिलने फोन लावला. गावभर भट्ट्या बंद पडत होत्या. मेकॅनिक संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

"तोवर पाण्याचे नळ गोठून फुटतील," तो म्हणाला. "मीच बघतो."

"बघ हो. मागे टोस्टर बघितलास, भिंत अजून काळी आहे!"

वासिल हसत हसत टॉर्च घेऊन तळघरात उतरला. हे घर त्यांनी नुकतंच पानगळीत घेतलं होतं. तळघर बुटकं, अंधारं. ओल्या मातीचा आणि जळक्या धुळीचा वास कोंडलेला. गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्या छताला धरून घरभर गेल्या होत्या. त्यांतली एक थेट स्वयंपाकघराच्या जमिनीतल्या जाळीला भिडायची, त्यामुळे वरचं बोलणं खाली ऐकू येई.

त्याने फिल्टर बदलला. बटण बंद करून पुन्हा चालू केलं. भट्टीतला छोटा पंखा फिरला, गुणगुणला... पण ज्योत काही पेटेना. लाल दिवा मिचकावू लागला. झाकणावर लिहिलं होतं त्याप्रमाणे अडत होतं ते एका स्विचपाशी. धूर नीट बाहेर जातोय अशी खात्री पटेपर्यंत तो गॅस पेटू देत नसे.

"स्विचच गेलाय!" वासिल वर तोंड करून ओरडला. "तारेचा तुकडा जोडून त्याला वगळतो, लगेच पेटेल!"

त्याने तारेची टोकं सोलली, हात आत घातला. तेवढ्यात नळीतून ओरीसियाचा आवाज आला. अगदी हळू.

"वासिल... ती तार ठेव खाली."

"अगं, तासाभरापुरती!"

"ठेव म्हणते ना, म्हाताऱ्या. बाहेर जा... पाईप बघ."

"या थंडीत? विमा काढलायस वाटतं माझा!"

नळीतून खट्याळ हसू आलं. मग कानाशी कुजबुजल्यासारखं, "उजव्या हातातली... ठेव."

त्याने हाताकडे पाहिलं. तार उजव्याच हातात होती. वरून हिला कसं दिसलं, असं त्याच्या मनात आलं खरं, पण तार खाली ठेवून, कोट चढवून तो मागच्या दाराने बाहेर पडला.

भिंतीतून बाहेर आलेल्या धुराच्या पाईपाचं तोंड बर्फाने गच्च बुजलं होतं. तार जोडली असती, तर विषारी धूर घरातच कोंडला असता आणि सूप पिता पिता दोघंही कायमची झोपली असती. त्याने बर्फ फोडून काढला. आत येऊन बटण दाबलं, तशी भट्टी भस्सकन पेटली.

तो आनंदाने वर धावला, तर पुढचं दार उघडून ओरीसिया आत येत होती. पापण्यांवर हिम, काखेत शेजारच्या लॉर्नाचा विजेचा हीटर.

"तू... कधी गेलीस?"

"तू खाली उतरलास तेव्हाच. लॉर्ना सोडेचना. असा काय बघतोस, भूत बघितल्यासारखा?"

त्याने सगळं सांगितलं. ओरीसिया डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"माझं इतक्या वर्षांत कधी ऐकलं नाहीस, आणि तिचं एका फटक्यात ऐकलंस!"

घर उबदार झालं. दोघं जेवायला बसली. वासिलने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. ओरीसियाने जाळीवर वाकून लाडात विचारलं, "बाई गं, कोण असशील ती, फार उपकार झाले. सूप घेतेस का थोडं?"

जाळीतून गरम हवा येत राहिली. मग...

"वाढ... इथे खाली फार थंडी आहे गं."

"गप रे, वासिल!" ओरीसिया हसत हसत वळली.

वासिलचं तोंड पावाने भरलेलं होतं. जाळीतून आलेला आवाज मात्र त्याचाच होता.