कारभाऱ्याला कळलेली ऊब

"द्वारकाबाई, कसं वाटतंय?" संध्याकाळी साडेपाचला भिंतीवरच्या कारभाऱ्याने नेमाप्रमाणे विचारलं.

"छान ऊब हाय बाबा," द्वारकाबाई भिलारे म्हणाल्या.

"गोळे गुरुजींच्या खोलीत पत्त्यांचा डाव मांडलाय. तुमची वाट पाहताहेत. जाता का?"

द्वारकाबाईंनी शाल पांघरली, काठी उचलली आणि चालू लागल्या. कोपऱ्यात मीटर उघडून बसलेल्या हेमलता सणसच्या हातातला पेचकस मात्र जागच्या जागी थांबला. बाई ऊब आहे म्हणते आणि हे यंत्र तिला पत्ते खेळायला का पाठवतं?

पाचगणीच्या पठारावर आताशा पहाटे नळ गोठत. तिथल्या या वृद्धाश्रमात अकरा माणसं राहत होती आणि त्यांना उबदार ठेवण्यात सगळी वीज जात होती. विश्वस्तांनी शेवटी सांगून टाकलं, की यंदा खर्च आटोक्यात आला नाही तर पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्यांना खाली हलवायचं. खाली जागा होत्या, पण तीन वेगवेगळ्या आश्रमांत. म्हणजे अकरा जणांची ताटातूट ठरलेली, आणि या वयात खाली गेलेलं माणूस परत वर येतंच असं नाही.

म्हणून वाईहून ऊर्जा-तपासनीस हेमलता आली होती. कोणतं साधन कमी वीज खातं ते पाहायला आश्रमाच्या तीन चाळींत तिने तीन तऱ्हेची साधनं बसवली. पहिलीत तेलाचा हीटर. तो बिचारा सरळमार्गी, एक युनिट वीज खाऊन एकच युनिट उष्णता देणार. दुसरीत उष्मापंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या गार हवेत असलेलीच ओढून आत आणतो, त्यामुळे एका युनिटात तिप्पट काम करतो, फक्त कडाक्याच्या थंडीत त्याच्यावरच बर्फ धरतं. तिसरीत छताला किरणपट, तो हवेला सोडून थेट माणसाला तापवतो. या तिघांवर देखरेख करायला एक बोलतं यंत्र होतं. ते माणसांना विचारून, त्यांचं ऐकून उष्णता कमीजास्त करी. आजीबाईंनी त्याचं नाव कारभारी ठेवलं होतं आणि नवऱ्याला कधी जे बोलता आलं नाही ते त्याला बिनदिक्कत ऐकवत.

पंपच जिंकणार याबद्दल हेमलताला शंका नव्हती. वाईत ती एकटी राहायची त्या फ्लॅटमध्ये तोच होता आणि जावयाचं करावं तसं त्याचं कौतुक ती भेटेल त्याला सांगे. पण महिन्याचे आकडे आले ते अजबच. तिन्ही चाळींनी हिशेबाच्या निम्मीसुद्धा वीज खाल्ली नव्हती. खादाड तेलाच्या हीटरनेही नाही. मीटर बिघडले असणार म्हणून ती धावत वर आली, तर मीटर ठणठणीत होते.

ती द्वारकाबाईंच्या मागोमाग पहिल्या चाळीत, गुरुजींच्या खोलीत गेली. तिथे अकराच्या अकरा जण दाटीवाटीने बसले होते आणि कुणीतरी पत्ता लपवल्यावरून वाद पेटला होता. तापमापक एकवीस अंश दाखवत होता आणि हीटर आपणहून बंद झालेला होता. हेमलताला हसू आलं. बसल्या जागी माणसाचं शरीर जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतं. अकरा माणसं म्हणजे एक हीटरच. आणि बाकीच्या खोल्या झोपेच्या वेळेपर्यंत रिकाम्या, तिथे वीज कशाला लागते?

मग तिने कारभाऱ्याची नोंदवही उघडली. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द होता: कंटाळा. यंत्राची भाषा मुळात हिंदीवर पोसलेली, आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. म्हातारी माणसं समाधानाने ऊब आहे म्हणत होती. बिचारा कारभारी त्यांचा कंटाळा घालवायला त्यांना एकमेकांकडे धाडत होता, आणि गुरुजींना सांगत होता की मंडळींना तुमच्याकडे यायचंय. इतकी गोड चूक तिने तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

पण चुकीवर उभ्या असलेल्या अहवालावर सही कशी करायची? तिने सगळ्यांना खरं ते सांगितलं.

"म्हणजे गुरुजी, तुमी मला बोलावत न्हवता?" द्वारकाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी हातातले पत्ते उगाच जुळवले. "मला वाटलं, तुम्हालाच यायचं असतं," ते म्हणाले.

त्या दिवशी डाव लवकर मोडला. हेमलताला फार वाईट वाटलं. आपण एक शब्द दुरुस्त करायला निघालो आणि भलतंच मोडून बसलो, असं तिला वाटत राहिलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कारभाऱ्याला ऊब या शब्दाचा मराठी अर्थ शिकवला. आता विश्वस्तांकडे जायचे ते आजच्या संध्याकाळचे आकडे. जो तो आपापल्या खोलीत बसला, तर वीज दुपटीने लागणार आणि मुक्काम हलणार.

साडेपाच वाजले. पलीकडच्या चाळीतून कारभाऱ्याचा प्रश्न ऐकू आला, मग द्वारकाबाईंचं तेच उत्तर. "वा, छान," एवढंच म्हणून कारभारी थांबला. गुरुजींनी पत्ते पिसून ठेवले होते आणि ते दाराकडे पाहायचं टाळत होते. हेमलता व्हरांड्यात उभी होती. पावणेसहा झाले. कुणी येईना. हातातल्या मोबाइलवर पहिल्या चाळीतला आकडा हळूहळू चढायला लागला.

मग काठीचा आवाज आला. त्यामागे चपला, आणि कुणाचा तरी खोकला.

"बोलावलं न्हाई म्हून काय यायचंच न्हाई?" द्वारकाबाई दारातूनच म्हणाल्या. "काल माझा डाव अर्धा ऱ्हायलाय."

गुरुजींनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः कॉटवर बसले. मागोमाग बाकीचे सगळे आत आले आणि थोड्या वेळात हीटर आपणहून बंद झाला. हेमलताने छापील तक्त्यात तीन साधनांखाली एक जादा ओळ आखली, तिच्यात 'माणसं, अकरा' असं लिहिलं आणि डोळे पुसत सही केली.

ती निघायला लागली तेव्हा द्वारकाबाईंनी पत्त्यांवरून मान वर केली.

"तुझा तो पंप लई गुणाचा म्हणतीस. पर सांजच्याला वाईत तुला कोण गं बोलावतं?"