आलोच

कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या या माणसाला सगळे 'डिग्रीवाले' म्हणायचे, ते त्याच्या थर्मामीटरमुळे. घरं गरम ठेवणारे बॉयलर आणि भिंतीवरचे रेडिएटर दुरुस्त करणारे बाकीचे कारागीर आल्या आल्या पान्हा काढतात. हा आधी खोलीच्या मधोमध उभा राहून आकडा वाचायचा. भिंती किती, खिडक्या किती, माणसं किती, हे तक्त्यात भरायचा आणि मगच तोंड उघडायचा. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊब देतो, म्हणून माणसांचाही रकाना होता. बावीस वर्षांत आपलं गणित चुकलेलं नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

एका बाईंच्या घरी तो तिसऱ्यांदा आला होता. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी वडिलांना आपल्याकडे राहायला आणलं होतं. खोली चांगली, खिडकी दुहेरी काचेची, रेडिएटर नवाकोरा. तरी खोली एकवीस अंशांवर जायची नाही, अठरावर हटून बसायची. वडील तीन पांघरुणांखाली कुडकुडत पडलेले.

"रविवारी दादा येतोय," बाई म्हणाल्या. "बाबा असेच काकडलेले दिसले तर तो त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. तुला जमत नाहीये, असं सरळ तोंडावर म्हणाला मला. काहीतरी करा हो, डिग्रीवाले."

त्याने नळ्या तपासल्या, रेडिएटरमधली हवा काढली, खिडकीच्या फटी चाचपल्या. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्याने गाडीतून जुना शंभर वॉटचा दिवा आणला आणि कोपऱ्यात लावून ठेवला. दीड तासाने पारा बरोब्बर एकवीसवर आला.

तो तक्त्याकडे बघत राहिला. कमी पडत होते ते नेमके शंभर वॉट. माणसांच्या रकान्यात 'एक'च्या जागी 'शून्य' लिहिलं की सगळं गणित चोख जमत होतं.

"हे शून्य कसलं?" बाईंनी वाकून विचारलं.

"चुकून झालं," तो म्हणाला. कामाच्या ठिकाणी हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला.

पलंगावरचे वडील डोळे न उघडता म्हणाले, "आलोच."

"सारखं हेच चाललंय त्यांचं," बाई म्हणाल्या. "त्यांच्या घरातून निघतानाही आरामखुर्चीत बसून हेच. तू हो पुढे, मी आलोच. आणि उठायचं नाव नाही. शेवटी दादाने उचलून गाडीत ठेवलं."

डिग्रीवाल्याला हसू आलं. 'आलोच' म्हणणारा माणूस जागचा हललेला नसतो, हे त्याच्या बायकोला विचारावं. जेवायला हाक मारली की तोही हेच म्हणायचा. जाताना मात्र त्याने वडिलांचा हात धरून पाहिला. खोली एकवीसवर होती आणि हात दाराच्या कडीसारखा गार होता.

बाईंनी त्याला वडिलांच्या बंद घराची किल्ली देऊन ठेवली होती. थंडीत नळ्यांमधलं पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून ते काढून टाकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो तिथे गेला. वीज तोडलेली, बॉयलर थंड. सवयीने त्याने खोलीखोलीतला आकडा वाचला. दिवाणखाना चार. स्वयंपाकघर चार. मागची खोली नऊ.

तो बाहेर आला. चार. परत आत गेला. नऊ.

उन्हाचा प्रश्नच नव्हता, खिडकीसमोर उंच भिंत होती. शेजारचं घर लागून नव्हतं. त्याने जमिनीवर बसकण मारली, खोलीची मापं घेतली आणि तक्ता भरला. ही खोली चारवरून नऊवर धरून ठेवायला किती ऊब लागेल? उत्तर त्याला आधीच कळलं होतं. तरी त्याने गणित पुरं केलं. शंभर.

खोलीत एक आरामखुर्ची तेवढी उरली होती. तिच्या कापडाला खोलगा पडला होता. त्याने हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला.

त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला. "बाबा," दवाखान्यात स्वतःच्या वडिलांशी बोलायचा तसल्या आवाजात तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "चला आता. लेक वाट बघतेय."

नळ्या रिकाम्या करून त्याने पुन्हा खोलीत डोकावलं. पाच.

गाडीत बसल्यावर शेजारच्या सीटकडची काच आतून वाफेने धुरकटली. त्याच्या बाजूची लख्ख होती. त्याने रेडिओ लावला आणि तडक बाईंच्या घराचा रस्ता धरला.

अर्ध्या वाटेत फोन आला. एका घरी बॉयलर बंद पडला होता, घरात नऊ दिवसांचं बाळ होतं आणि बाळाची आई रडकुंडीला आली होती. घर वाटेवरच होतं. तान्हं मूल म्हटलं की डिग्रीवाला हातातलं काम टाकून आधी तिकडे जायचा. गाडीची दारं सताड उघडी टाकून त्याने हत्यारं काढली आणि अर्ध्या तासात बॉयलर सुरू केला.

"खोली तर तुम्ही आलात तेव्हापासूनच उबदार वाटायला लागली," बाळाची आई म्हणाली. तो खूश झाला.

परत निघाल्यावर गाडीच्या दोन्ही काचा लख्ख होत्या. हे त्याच्या ध्यानात आलं ते बाईंच्या दारात पोचल्यावर.

उजेडाने बाबांना झोप येईना म्हणून बाईंनी दिवा रात्रीच विझवला होता, आणि खोली पुन्हा अठरावर होती. वडील तसेच गार.

"हे कुणाचं घर?" वडिलांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"माझं, बाबा. तुमच्या लेकीचं."

"छे. इथे बाळ रडतंय."

"आपल्याकडे कुठलं आलंय बाळ?" बाई डिग्रीवाल्याकडे बघून कसनुसं हसल्या.

तो पलंगाशी वाकला. "बाबा, थांबा," तो म्हणाला. "मी येतोय न्यायला. कशाला हात लावू नका."

वडिलांचे दोन्ही हात पांघरुणातून बाहेर आले. सावकाश, जपून, मध्ये थोडी जागा ठेवून ते छातीशी जुळले.

"उगी," ते म्हणाले. "उगी, उगी."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि एकदम ओरडल्या, "अहो, गरम लागतंय! डिग्रीवाले, बघा तरी, गरम लागतंय!" तीन महिन्यांचं साचलेलं रडू त्यांना फुटलं. "आत्ताच कळवते दादाला."

डिग्रीवाल्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने उचलला.

"काका, बॉयलर चालू आहे, खोलीही छान गरम आहे," बाळाची आई हळू आवाजात म्हणाली. "मग बाळ गार का लागतंय?"