हाळीच्या पोटातला आवाज

त्या शनिवारी न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआत पाऊस आडवा येत होता. छत्री उघडायची सोयच नव्हती. मी तशीच भिजत कचरा डेपोशेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले आणि सरळ मागच्या मांडणीकडे गेले. मला दोन स्पीकर हवे होते... एकसारखे, साधारण माझ्या पंजाएवढे. खालच्या फळीवर कुठल्यातरी मोडक्या गाडीतून काढलेली जोडी दिसली. मी एक उचलला. दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तर तो आधीच कुणाच्या तरी हातात होता.

हात मोठा होता आणि हाताचा मालक त्याहून मोठा. पण स्पीकरचा कागदी पडदा तो बोटांच्या टोकांनी इतक्या हळुवारपणे दाबून बघत होता की मी भांडायचं विसरूनच गेले.

"एकटा स्पीकर कुणाच्याच कामाचा नाही," तो म्हणाला. "तुझा दे, नाहीतर माझा घे."

"तुझाच दे. मला शंखात बसवायचाय."

"कशात?"

मी फोनवर चित्र दाखवलं. 'मिठाची वाट' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यातली खलाशी मुलगी स्वतःच्या उंचीएवढा एक वाकडा शंख पाठीवर घेऊन फिरते. त्याचं नाव हाळी. कड्यावर उभं राहून तिने हाळी फुंकली की समुद्रातून देवमासे वर येतात. मी ती हाळी बनवत होते, हुबेहूब, खऱ्या मापाची. वेलिंग्टनला दरवर्षी वेशभूषांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे मला ती घेऊन उभं राहायचं होतं... आणि ती वाजायला हवी होती.

त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. मग हातातला स्पीकर माझ्या हातातल्या स्पीकरवर अलगद ठेवला. म्हणाला, घे, पण एक अट आहे. मला ती बघायचीय.

त्याचं नाव अपेलू. चर्चमध्ये, सभागृहांत आवाजाची यंत्रणा बसवणं हा त्याचा धंदा. मी कवळ्या बनवते हे ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. पहिल्या भेटीत सगळेच हसतात. त्याने फक्त माझ्या हातांकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून तो आला. अंगावर अजून पांढरा सदरा, हातात नारळाच्या दुधात भाजलेल्या गोड पावांचा डबा. गॅरेजमध्ये सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर हाळी आडवी ठेवली होती. घरांच्या भिंतींत घालतात त्या निळ्या फोममधून मी ती कोरली होती, वर कागद आणि गोंदाचे थर दिले होते. तिला चिकटलेल्या समुद्री शिंपल्या मी दातांचे साचे करायच्या प्लास्टरमधून ओतल्या होत्या, एकेक वेगळी. तो तिच्याभोवती दोनदा फिरला. खाली वाकून तिला कान लावला आणि बोटाने टकटक केलं.

"ही बोलेल," तो म्हणाला. "पण आत्ता नाही. आत्ता हिला सर्दी झालीय."

खरंच होतं ते. स्पीकर नुसते आत ठेवून वाजवले, तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज आला. अपेलूने समजावलं... स्पीकर पुढे आवाज टाकतो तसा मागेही टाकतो, आणि मोकळे सोडले तर हे दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. मागची हवा कोंडायला हवी. म्हणजे आत प्लायवूडची घट्ट पेटी. म्हणजे हाळीचं पोट फाडायचं.

तीन महिन्यांचं काम होतं ते. त्याने करवत माझ्यापुढे धरली. "तुझी आहे. तूच काप. नको म्हणालीस तर दुसरं काहीतरी शोधू."

मी कापलं. करवत अडखळली तेव्हा त्याने माझा हात धरला नाही, हाळी धरली... घट्ट, दोन्ही हातांनी, एखाद्या घाबरलेल्या जनावराला धरावं तशी. त्या क्षणी मला तो आवडला. आधीही आवडत होता, पण तेव्हा माझं मला कळलं.

पुढचे चार रविवार असेच गेले. तो पेटीचे सांधे बुजवायचा, मी वरची कातडी पुन्हा जोडायचे. स्पीकर चालवायला घेतलेली ड्रिलची बॅटरी कुठे बसवायची यावरून आम्ही भांडलो. माझ्या बाजूने पाठीचा तोल होता, त्याच्या बाजूने तारेची लांबी. शेवटी पाठ जिंकली. तो एकेक स्वर वाजवून कान देऊन ऐके आणि म्हणे, इथे खडखडतंय. मला काहीच ऐकू यायचं नाही. मग त्याने दाखवलेल्या जागी बोट ठेवलं की एखादी शिंपली खरंच सैल निघायची.

"एवढं कसं ऐकू येतं तुला?" मी एकदा विचारलं.

"मी ऐकतो कुठे, मी तर तुझ्याकडे बघ..." तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून पान्याशी खेळत बसला.

हाळी आता खणखणीत वाजत होती, पण गेममधून घेतलेला आवाज तिच्या पोटात पोरका वाटत होता. अपेलू म्हणाला, खरा शंख पाहिजे. त्याच्या सिएनी आत्या लहानपणी सामोआत संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी गावाला शंख फुंकून बोलवायच्या. तोच शंख त्यांच्या इथल्या घरी टीव्हीवर ठेवलेला होता.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. आत्यांनी शंख तोंडाला लावला. फुस्स. पुन्हा लावला, पुन्हा फुस्स. चेष्टेवारी नेत त्यांनी शंख खाली ठेवला. म्हणाल्या, म्हातारीत वारा उरला नाही. पण मी त्यांच्या गालाकडे बघत होते. फुंकताना त्यांची खालची कवळी उचलली जात होती. ओठांना मागून आधारच नव्हता.

"आत्या, तुमचा वारा ठीक आहे," मी म्हणाले. "कवळी सैल आहे. टोचते ना? डावीकडे?"

आत्यांनी आधी माझ्याकडे आणि मग अपेलूकडे पाहिलं. "इतकी वर्षं हा गावभरचे भोंगे दुरुस्त करत हिंडतोय. घरातला भोंगा बंद पडलाय हे या परक्या पोरीने सांगायचं?"

सोमवारी मी त्यांना माझ्या कामाच्या ठिकाणी नेलं, माप घेतलं, कवळीला आतून नवा थर दिला, टोचणारी कड घासली. मंगळवारी दुपारी आपल्या घरी त्यांनी ती घातली, जबडा इकडून तिकडे हलवला, आणि शंख उचलला.

तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या घरातला माणूस हातातली पाण्याची नळी तशीच वाहती ठेवून बघत राहिला. अपेलू आवाज टिपायला मायक्रोफोन धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. आत्यांनी शंख खाली घेतला आणि धापा टाकत हसल्या.

"आता महिन्याभराने ब्रिस्बेनला जाशील तेव्हा हे बरोबर ने," त्या त्याला म्हणाल्या. "आत्याची आठवण आली की ऐक."

मला ब्रिस्बेनबद्दल काहीच माहीत नव्हतं.

गाडीत त्याने सांगितलं. तिथल्या एका नव्या नाट्यगृहाचं काम, दोन वर्षांचं. आम्ही भेटलो त्याच्या आधीच होकार देऊन झाला होता. रोज सांगायचं ठरवायचो, म्हणाला... रोज राहून जायचं. रुग्णांशी बोलताना मी जो गोड आवाज काढते, त्या आवाजात मी त्याचं अभिनंदन केलं. पुढे दहा दिवस आम्ही फक्त तारा आणि बॅटऱ्यांबद्दल बोललो.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. माझ्या आधी एक अजस्र यंत्रमानव धूर सोडत येऊन गेला होता आणि लोक अजून त्याच्यासाठीच शिट्ट्या मारत होते. मी मंचाच्या मध्यावर गेले. पाठीवरून हाळी पुढे घेतली, तोंडाला लावली, आणि अंगठ्याखालची कळ दाबली.

आवाज आधी माझ्या छातीत शिरला, मग सभागृहात. शिट्ट्या थांबल्या. तिसऱ्या रांगेत पांढरी टोपी घालून बसलेल्या सिएनी आत्यांनी स्वतःचाच श्वास ऐकला आणि मान खाली घातली, गावात शंख झाल्यावर घालत असतील तशी. त्यांच्या शेजारी अपेलू ताठ बसला होता. तो हाळीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला यंत्रमानवाला गेला, आणि तो त्याच्या लायक होता.

बाहेर बंदराच्या धक्क्यावर ऊन आणि वारा दोन्ही होते. आत्या गाडीत जाऊन बसल्या. आम्ही दोघं हाळी मागे चढवून दोरीने बांधत होतो.

"काम सुंदर आहेस," तो म्हणाला. "म्हणजे... तू सुंदर... काम सुंदर केलंस."

मी गाठ मारायची थांबले. "मी चौकशी केलीय," मी म्हणाले. "ब्रिस्बेनमध्येही लोकांचे दात पडतात."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याच्या हातातून दोरी सुटली आणि मला ती पटकन धरावी लागली.

"मी अजून विमानाचं तिकीट काढलं नाहीये," तो हळूच म्हणाला. "रोज काढायला बसतो. सगळं भरतो. मग ते विचारतात, प्रवासी किती... आणि मी तिथेच अडतो. एक लिहवत नाही. आणि दोन लिहायला तुला विचारलं कुठे होतं?"

"मग विचार."

"टॅमसिन..." वाऱ्याने त्याचा सदरा फडफडत होता. "दोन लिहू?"

मी काही बोलायच्या आत गाडीची काच खाली आली. आत्या म्हणाल्या की त्यांच्या तिन्ही मुली इथेच गल्लीच्या अंतरावर राहतात, तेव्हा त्यांची काळजी कुणी करायची नाही, आणि वारा फार आहे, तर पोरीने जे काय ते लवकर सांगावं.

"दोन लिही," मी म्हणाले.

त्याने तिथेच फोन काढला. एका शिंपलीची सैल खडखड ऐकू येणारा तो माणूस सारखी चुकीची कळ दाबत राहिला, तेव्हा शेवटी तो आकडा मीच टाकला.