चौथ्या चिठ्ठीची पोच

फॅक्सचा रोल मागितला तेव्हा स्टेशनरीवाला हसला. "संग्रहालय काढताय की काय?" म्हणाला, आणि शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीने माखलेलं खोकं काढलं. "शेवटचा आहे. परत घेणार नाही हं." मीही हसलो. रोल कशाला हवा, ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "दादा, दुपारी येतेय. आईची ती शेवटची चिठ्ठी काढून ठेव. मला हवी आहे."

"फॅक्सचा कागद तो. अक्षरं केव्हाच उडाली असतील."

"कोरी तर कोरी. एवढा लेखक तू, आईचा एक कागद जपता येत नाही?"

"आहे गं, आहे," मी म्हणालो.

नव्हता. कधीच नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात आईची वाचा गेली, उजवा हात गेला. ती बहिणीकडे असायची, मी दुसऱ्या शहरात. फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. मग ती डाव्या हाताने लिहायला लागली आणि बहीण खालच्या मजल्यावरच्या नवऱ्याच्या ऑफिसातून ते मला फॅक्स करायची. साप्ताहिकाला लेख पाठवायला मी यंत्र घेतलं होतं. पहिल्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, 'तुझ्या पहिलीतल्या अक्षरापेक्षा बरं आहे ना? कधी येतोस?' मला हसू आलं. पुढे दिवसाला तीन-तीन चिठ्ठ्या यायला लागल्या. शेवटी तेच, कधी येतोस. माझ्या कादंबरीची शेवटची प्रकरणं चालू होती. घंटी वाजायची, कागद करकरत बाहेर यायचा आणि हातातलं वाक्य तुटायचं. एका सोमवारी मी यंत्राचं झाकण उघडलं, रोल काढला आणि कपाटात टाकला.

कागद नसला तरी यंत्र आलेला मजकूर पोटात साठवून ठेवतं आणि पाठवणाऱ्याला पोच देतं : मिळाला. मला हे माहीत होतं. त्या आठवड्यात चारच चिठ्ठ्या आल्या. लाल दिवा लुकलुकायचा, म्हणून त्याच्यापुढे मी एक पुस्तक उभं करून ठेवलं.

शुक्रवारी आई गेली. धावतपळत निघताना सवयीने मेन स्विच बंद केला. परत आलो तेव्हा यंत्राच्या पोटात काही उरलं नव्हतं.

अंत्यविधीनंतर तिच्या घरीच बहिणीने विचारलं होतं, "शेवटची चिठ्ठी तिने घडी घालून दिली. वाचू नको, अशी खूण केली. मी न बघताच यंत्रात सरकवली आणि तो कागद तिच्याबरोबरच जाऊ दिला. काय होतं रे त्यात?"

"सुखात राहा, म्हणाली," मी सांगितलं.

त्या दोन शब्दांवर बहीण बावीस वर्षं जगली.

बेत साधा होता. जुन्या यंत्रात रोल घालायचा, हातभर कोरा कागद सरकवायचा आणि यंत्राच्या दातेरी पट्टीवर फाडायचा. तशी कड हाताने येत नाही, आणि बहिणीची नजर ऑफिसात मुरलेली. माळ्यावरून यंत्र उतरवलं. टेलिफोनची लाइन परत करून कित्येक वर्षं झाली होती. फक्त विजेची वायर लावली. तापलेल्या धुळीचा वास आला. बटण दाबलं, कागद सरकला, मी फाडून घेतला.

वायर काढायला वाकलो, तर कागद पुन्हा सरकला. करकर... आणि थांबला. पुन्हा करकर...

वाकडीतिकडी अक्षरं. 'आज थोडं बसले. कधी येतोस?' दुसरी. तिसरी. कागद हाताला गरम लागत होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा. मी वायर उपटली. लाल दिवा गेला. यंत्र थांबलं नाही.

चौथ्या चिठ्ठीतलं अक्षर वाकडं नव्हतं. आजारपणाआधीचं, उजव्या हाताचं, सरळ रेषेतलं होतं.

'बाळ, पोच मिळते आहे. पण तुझ्याकडे कागद नाही, मला कळतं. कागद घाल. मी थांबते.'

दाराची बेल वाजली.

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. दार उघडून चौथी चिठ्ठी बहिणीच्या हातात द्यायची, एवढंच होतं. मी चारही चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये कोंबल्या आणि तिच्यापुढे कोरा कागद धरला.

तिने कड पाहिली. कागद गालाला लावला. "गरम आहे रे..."

"खिडकीत ठेवला होता. उन्हात."

तिने डोळे पुसून कागद पर्समध्ये ठेवला, उभ्या उभ्या चहा घेतला आणि गेली.

तिसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. चारही चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली. "दादा... त्या कागदावर अक्षरं दिसायला लागलीत."

"जुना कागद आहे. डाग असतील."

"डाग नाहीत. आईचंच अक्षर आहे. आधीचं, सरळ. अजून पहिलाच शब्द लागलाय... 'बाळ'. रोज थोडं थोडं वर येतंय. पूर्ण झालं की वाचून दाखवते तुला." मग तिनेच विचारलं, "सुखात राहा, हेच असणार ना रे?"

"हो," मी म्हणालो.

यंत्र मी पुन्हा माळ्यावर टाकलं आहे, वायर गुंडाळून. अंधार पडला की माळ्याच्या फटीतून लाल उजेड लुकलुकताना दिसतो. उरलेला रोल माझ्यासमोर टेबलावर आहे. आठवडा झाला, तो अजून गरम आहे.