कुमुदिनी आत्याचं पान

श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, कंपन्यांच्या बसगाड्या धुरळा उडवत जातात त्या रस्त्याला लागून 'निम्मदी इल्लम' आहे. साठी उलटलेल्यांची वसाहत. बैठी घरं, वेळेवर कॉफी, आणि त्या कॉफीपेक्षा कडक सईबाईंच्या थापा. रोज चारला कडुलिंबाखालच्या बाकावर मंडळी जमायची आणि सईबाई असं काही रंगवायच्या की हातातली कॉफी निवून जायची. मुलगा अमेरिकेत, नवरा कधीच गेलेला. चारचा बाक हाच त्यांचा संसार.

मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबरच्या थंडीत, त्यांनी सगळ्यांत मोठी थाप ठोकली. सिनेमात गाणारी हरिप्रिया, जिचा आवाज चेन्नईत प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू यायचा, ती म्हणे त्यांची सख्खी आतेबहीण!

"अय्यो, ती तर आश्रमात वाढलेली. आईबापांचा पत्ता नाही, मासिकात छापून आलंय," राममूर्तीराव म्हणाले. चेन्नईजवळच्या आवडी गावात, रणगाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासलेला माणूस, खोट काढायची सवय जाते कुठं?

"पत्ता असणार कसा? आमच्या कुमुदिनी आत्यानं कुणाला सांगितलंच नाही ना! बापाशी भांडली. शेवटचं जेवली, पान पलीकडं मिटलं, आणि पोर कडेवर घेऊन मद्रासची गाडी धरली."

पान पलीकडं मिटलं म्हटल्यावर बाकावर दोघींनी पदर डोळ्यांना लावला. जेवण झालं की केळीचं पान आपल्याकडं मिटायचं, म्हणजे तृप्त झालो, पुन्हा येऊ. पलीकडं मिटायचं ते मयताच्या घरी. पुन्हा इथं असं जेवायला यायला नको, म्हणून.

आता खरं सांगू? सईबाईंच्या वडिलांना बहीणच नव्हती. कुमुदिनी हे नावसुद्धा त्यांनी तिथल्या तिथं हवेतून धरलेलं.

पोंगल झाला आणि फलकावर कागद लागला. वर्धापनदिनाची पाहुणी: हरिप्रिया.

"माइकवर विचारतो," राममूर्तीराव हात चोळत म्हणाले. "नाही म्हणाली तर बाकावरच्या कथा बंद. कायमच्या."

"विचारा की! भितो कोण?" सईबाई म्हणाल्या. वर्धापनदिनाच्या सकाळी मात्र अंगावर पाणी घेताना त्यांनी घाईघाईनं आणखी एक गोष्ट जुळवून ठेवली. आत्याच्या हिरव्या बांगड्यांत एकच लाल. वेळ आली तर टाकू. कुणाला सांगितली नाही.

हरिप्रिया आली. मोरपिशी कांजीवरम, हिऱ्याची चमकी, सत्तरीतही ताठ. राममूर्तीरावांनी माइक धरला. "अम्मा, या सईबाई म्हणतात, तुम्ही त्यांच्या आतेबहीण!"

सभागृह खो खो हसलं. ती हसली नाही.

ती उठून थेट सईबाईंपाशी आली आणि पर्समधून कडेवर पोर घेतलेल्या एका बाईचा काळापांढरा फोटो काढला. "मार्गळीत पोस्टानं आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. मागं मोडीत काही लिहिलंय, कुणाला वाचता येईना."

सईबाई तंजावरच्या मराठी घरातल्या, त्यांना मोडी लिपी येत होती. त्यांनी फोटो उलटा करून अक्षरं वाचली.

"कुमुदिनी," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली. राममूर्तीरावांचा चेहरा बघण्यासारखा होता! सईबाईंना तर नाचावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांची थाप स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

"सईअक्का," हरिप्रिया त्यांच्या कानाशी म्हणाली. ती चक्क तंजावुरी मराठीत बोलत होती. "फोटोत रंग कळत नाही. पण ही बाई स्वप्नात येते ना, तेव्हा दिसतं. हिरव्या बांगड्यांत एकच लाल."

सईबाईंनी फोटो पुन्हा सुलटा करून डोळ्यांजवळ धरला.

जेवणाला दोघींच्या मध्ये एक जास्तीचं पान मांडलं गेलं. वाढणारी तुळसी ते उचलायला वाकली.

"राहू दे," हरिप्रिया म्हणाली. "वाढ."

तुळसीनं सगळं वाढलं. खुर्ची रिकामीच राहिली. जेवण उरकून हरिप्रिया गाडीकडं निघाली, आणि सगळी पंगत तिच्यामागं धावली. सईबाईही धावल्या.

परतल्या तेव्हा सभागृहात कुणी नव्हतं. राममूर्तीराव मागोमाग आले, शाळकरी पोरासारखे उतावीळ.

"हरलो बाई! आता उद्या चारला पुढचं सांगा. ती आत्या परत आली का कधी?"

सईबाई आपल्या खुर्चीपाशी जाऊन थांबल्या.

मधल्या पानावर भाताचं शीत उरलं नव्हतं.

ते आपल्याकडं मिटलेलं होतं.