एल्मकोटचा बूट

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? हे आमच्याच घरात घडलंय. इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या पुढे, एल्मकोट इस्टेटमध्ये, गेल्या मार्चमधल्या वास्तुशांतीच्या शनिवारी.

पूर्वी इथे एका इंग्रजाची हवेली होती. विलायतेतल्या त्याच्या वडिलोपार्जित घराची हुबेहूब नक्कल. तळं, बग्गीचा रस्ता, एल्मची झाडं. मग हवेली जळली, जमिनीचे प्लॉट पडले. उरले गेटचे दोन खांब आणि नाव.

इथला प्लॉट आम्हाला मेधाने सुचवला. माझी पुण्यापासूनची मैत्रीण, आता शेजारीण.

"ये गं, कुंपणावरून भांडत म्हाताऱ्या होऊ!"

घरात जमिनीलाच काँक्रीटचा स्लॅब, खणता येत नाही. म्हणून गुरुजींनी वास्तुपुरुष पुरायला अंगणाचा आग्नेय कोपरा खणायला सांगितला.

कुदळ कशाला तरी अडली...

लहान मुलीचा चामड्याचा बूट.

एकच.

"अरे, अँटिक!" माझा नवरा दत्तप्रसाद खूश. बूट गराजमध्ये गेला.

मेधा मात्र प्रसादाचं ताट तिथेच ठेवून घरी निघून गेली.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मी भांडी आवरत होते...

टक्.

मग काहीच नाही.

टक्.

पॅसेजमध्ये एक पाऊल वाजत होतं. दुसरं... वाजतच नव्हतं.

"आई," सोफ्यावरून माझी उर्वी म्हणाली, "शी इज लुकिंग फॉर हर अदर शू."

उर्वीने तो बूट पाहिलाच नव्हता. ती दिवसभर मेधाच्या वेदबरोबर शेजारी खेळत होती.

मी तशीच मेधाकडे गेले. मला बघून ती रडायलाच लागली.

"आमच्या वास्तुशांतीत निघाला होता तो. जुने इंग्रज घरात पुरायचे म्हणे, वाईट काही आत येऊ नये म्हणून. आम्ही काढला आणि वेदच्या खोलीत पावलं वाजायला लागली. मग मी तो शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पुरला. तरी ती परत यायची. तिला माणसं लागतात गं..."

"म्हणून आम्हाला बोलावलंस?"

तिने डोळे पुसले.

"तिथे माझी उर्वी आहे, मेधा."

"माझाही वेद आहे ना."

दुसऱ्या दिवशी दारात तिचा डबा. पुरणपोळ्या. माफीच्या असाव्यात. चांगल्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत.

मी आधी गराजमध्ये गेले. मग डबा देऊन आले.

त्यानंतर आमच्याकडे काही वाजलेलं नाही. पण वेद मला मावशी म्हणतो. मला रात्री झोप लागत नाही.

आणि आज सकाळपासून मी उर्वीचा हरवलेला शाळेचा बूट शोधतेय...

एकच.